मृत्यू कामावरचा, पैसे कोणाचे?

मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यातल्या वॉचमनची ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ ला तो अंधारातच मोटारसायकलवरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि त्यात तो गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. कारखान्याने कामगारांचा विमा उतरवलेला होता. पण विमा कंपनीने हात वर केले. माणूस कारखान्याच्या फाटकात पोचलाच नव्हता, म्हणजे तो कामावर नव्हता. मग रस्त्यावरच्या अपघाताचे पैसे आम्ही का द्यायचे, असा तिचा युक्तिवाद होता.

उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, नुकसानभरपाई आयुक्तांना तो पटला नाही. ३,२६,१४० रुपये १२ टक्के व्याजासह विमा कंपनीने भरावेत, असा आदेश त्यांनी २००९ मध्ये दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये जिंकली. मग प्रकरण दिल्लीला गेलं. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने आयुक्तांचा आदेश पुन्हा जिवंत केला. अपघातापासून या निकालापर्यंत २२ वर्षं गेली.

कामावर माणूस दगावला की गावात, चाळीत, कंपनीच्या गेटवर पहिला प्रश्न येतो तो ‘इन्शुरन्स होता का?’ हा. कायदा मात्र हा प्रश्न आधी विचारत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याप्रमाणे भरपाईची जबाबदारी मालकाची. त्याने विमा उतरवलेला असो वा नसो, ती त्याच्या डोक्यावरच असते. विमा कंपनी नंतर येते, मालकाबरोबर केलेल्या कराराने. मालकाला कायद्याने जेवढं द्यावं लागेल तेवढं पॉलिसीच्या अटींत बसवून आम्ही भरू, एवढंच तिने कबूल केलेलं असतं. म्हणून कंपनीचा वकील आयुक्तांपुढे उभा राहतो तेव्हा तो बहुतेक वेळा मालकाचीच ढाल पुढे करतो: हा आमचा कामगार नव्हता, हा कामावर नव्हता, हा कामामुळे मेला नाही. मालकाची जबाबदारी पडली की कंपनीचीही पडते.

गाडीवरच्या माणसांचं थोडं वेगळं आहे. ट्रकचा चालक, बसचा कंडक्टर, मालवाहू गाडीतले कामगार यांच्यापुरता विमा मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा केला आहे. चालक ड्यूटीवर गेला तर घरच्यांना दोन दारं उघडी असतात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाईचे आयुक्त. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एक निवडावं लागतं. रात्रीच्या प्रवासात डोळा लागून ट्रक झाडावर आदळला, चूक चालकाचीच, दुसरी गाडी मध्ये नाहीच, अशा वेळी न्यायाधिकरणात निष्काळजीपणाचा प्रश्न आडवा येतो. आयुक्तांकडे तो येत नाही. चूक कोणाची हे तिथे विचारलंच जात नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी क्रांतिकारकच होती. मुंबईच्या गिरण्यांत हात पट्ट्यात सापडला तर तो कामगाराच्या नशिबाचा भाग मानला जाई. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनी जे निवेदन दिलं, त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांबरोबर एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. सरकारने भरपाईचा कायदा केला तो १९२३ मध्ये. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. म्हणजे मागणी आणि कायदा यांच्यात चाळीस वर्षं गेली.

कायद्याचा हिशेब अगदी कोरडा आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचे ५० टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय जितकं कमी तितका गुणक मोठा. ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. वॉचमनच्या प्रकरणातली रक्कम या तक्त्याशी ताडून पाहिली तर ती २,००० गुणिले १६३.०७ अशी नेमकी जुळते. १६३.०७ हा ४७ व्या वर्षाचा गुणक आणि २,००० हे ४,००० चे निम्मे, कारण त्या काळी कितीही पगार असला तरी हिशेबात ४,००० च्या वर धरला जात नसे. ही मर्यादा २०१० मध्ये ८,००० झाली आणि जानेवारी २०२० मध्ये १५,०००. या मर्यादेने ३५ वर्षांचा, १५,००० पगाराचा कामगार गेला तर आकडा १४,७७,९५० येतो. पगार २५,००० असला तरी तेवढाच. अपघाताच्या दिवशी जी मर्यादा होती तीच लागते, त्यामुळे प्रकरण जितकं लांबेल तितकी ती रक्कम बाजारभावाने हास्यास्पद होत जाते. वॉचमनच्या घरच्यांना २०२५ मध्येही मूळ रक्कम म्हणून ३,२६,१४० रुपयेच मोजले गेले.

आणखी एक तरतूद मालकांना ठाऊक नसते आणि कामगारांना तर नसतेच नसते. दारू प्यालेला होता, हेल्मेट घालायला सांगूनही घातलं नाही, मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं, अशा कारणांवर इजेची भरपाई नाकारता येते. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर यातलं एकही कारण चालत नाही. अपघातानंतर साईटवर ‘तो प्यायला होता’ ही कुजबूज सुरू होते आणि घरचे तिथेच खचतात. काम आणि मृत्यू यांचा संबंध दाखवता आला, तर त्या कुजबुजीमुळे दावा पडत नाही.

तेव्हा भांडण उरतं ते या संबंधाचंच. अपघात ‘कामातून आणि कामाच्या ओघात’ झालेला असावा, एवढी एकच अट, आणि तिच्यावर वकिलांच्या तीन पिढ्यांनी पोट भरलंय.

१९५२ च्या जून महिन्यात पोरबंदरच्या खाडीत मिठागरावरचे कामगार घरी परतत होते. होडी उलटली आणि काही जण बुडाले. होडी मिठागराची नव्हती, सगळा गाव तिनेच ये-जा करी. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कामाची हद्द मिठागराच्या कुंपणापलीकडे थोडी ताणता येते, पण सार्वजनिक होडीपर्यंत नाही. भरपाई मिळाली नाही. पाच वर्षांनी मुंबईचं प्रकरण आलं. बेस्टचा एक ड्रायव्हर १९५७ मध्ये जोगेश्वरी डेपोत बस लावून, काम संपवून, सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती वाटेत उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. इथे न्यायालयाने बहुमताने वेगळी रेघ मारली. ड्रायव्हरला गणवेशात फुकट प्रवासाची सवलत होती, ती त्याच्या सोयीसाठी नव्हे तर सेवा नीट चालावी म्हणून होती; शहरभर पसरलेल्या बसगाड्या हेच त्याचं कामाचं ठिकाण. भरपाई मिळाली. होडी आणि बस यांत पाण्याखेरीज काय फरक, असं एखाद्या मिठागरवाल्याने विचारलं असतं तर त्याला उत्तर देणं जड गेलं असतं.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये ‘द्वारका’ नावाच्या जहाजावरचा एक खलाशी पहाटेपर्यंत डेकवर दिसला आणि सकाळी जहाजावर नव्हता. घरच्यांचा दावा मुंबईत चालला. आयुक्तांनी नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा नाकारला. तो पडला, की त्याने उडी घेतली, की आणखी काही झालं, याचा पुरावाच नव्हता. आणि संबंध सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या अनेक घरांतली माणसं तेव्हा बोटीवर असत. भर समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसासाठी त्याच्या घरच्यांनी पुरावा आणायचा कुठून, याला कायद्यापाशी आजही समाधानकारक उत्तर नाही.

हृदयविकाराचं प्रकरण तर याहून अवघड. कामावर छातीत कळ येऊन माणूस गेला, हा अपघात की आजार? २००६ मध्ये एका क्लीनरच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं कामाच्या वेळेत मरण येणं पुरेसं नाही, कामाचा ताण कारण ठरला हे दिसलं पाहिजे. तो दावा पडला. पुढे २०१२ मध्ये एका ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण आलं. दिल्लीहून माल घेऊन निघालेला, हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलेला. रस्त्याकडेच्या हॉटेलाजवळ गाडी लावली आणि कोसळला. एवढं सलग ट्रक हाकणं हाच ताण, असं म्हणून न्यायालयाने विमा कंपनीला पैसे द्यायला लावले. दोन्ही निकाल एकाच कायद्याखालचे. फरक पुराव्याचा: किती तास गाडी चालवली, कुठून कुठे, मध्ये झोप मिळाली का. म्हणून अशा वेळी ट्रिपशीट, टोलच्या पावत्या, मालाची बिल्टी हे कागद शवविच्छेदनाच्या अहवालाइतकेच मोलाचे ठरतात.

वॉचमनचं प्रकरण या सगळ्या निकालांच्या रांगेत उभं होतं आणि त्याला आधार मिळाला दुसऱ्याच कायद्यातून. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कायद्यात २०१० मध्ये एक कलम घातलं गेलं: घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात कामातलाच मानावा, जर परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा कामाशी धागा जुळत असेल. वॉचमन मात्र त्याआधी सात वर्षं गेला होता, आणि त्याचा दावा ईएसआयखाली नव्हताच. न्यायालयाने दोन्ही अडसर ओलांडले. नवं कलम म्हणजे जुन्याच अर्थाचा खुलासा, त्यामुळे ते मागच्या अपघातांनाही लागू. आणि दोन्ही कायदे कामगारांच्या भल्याचे, शब्द तेच, म्हणून अर्थही तोच. पहाटे तीनच्या आत हजर व्हायचं होतं म्हणूनच तो माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर होता, हे न्यायालयाने सरळ मान्य केलं. वाटेत सासुरवाडीला वळसा घेतला असता तर कदाचित चित्र वेगळं असतं.

आता व्याजाकडे. पैसे देय केव्हा होतात, निकालाच्या दिवशी की अपघाताच्या? सिनेमा थिएटरमध्ये नक्षीकाम करताना पडून डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी हे १९७५ मध्येच सांगून टाकलं होतं: अपघाताच्या दिवशीच. तरी विमा कंपन्या पुढची कित्येक वर्षं निकालाच्या तारखेपासून व्याज मोजत राहिल्या आणि २०१२ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज लागतं. वॉचमनच्या रकमेवर हे व्याज वर्षाला ३९ हजारांवर जातं. मधल्या काळात ती जमा झाली नसेल तर २२ वर्षांत व्याजच साडेआठ लाखांच्या पुढे, मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त.

व्याजाशिवाय दंड आहे. कारण नसताना उशीर केला तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत. हा कोणी भरायचा, यावर १९९७ मध्ये एका मोटार प्रकरणात निकाल आला आणि तो अजून टिकून आहे: भरपाई आणि व्याज विमा कंपनीचं, दंड मालकाच्या खिशातून. ज्याने टाळाटाळ केली त्यानेच भोगावं, विम्याच्या आडोशाला जाऊ नये. निकाल योग्यच आहे. पण २००६ मध्ये आणखी एक बारीक गोष्ट स्पष्ट झाली. मोटारीखेरीज इतर पॉलिसींत व्याज आम्ही देणार नाही, अशी अट विमा कंपनी घालू शकते. भरपाईतून पळवाट काढणारा करार मालक आणि कामगार यांच्यात झाला तर तो रद्दबातल; विमा कंपनी आणि मालक यांच्यात झाला तर तो वैध. कामगाराचं यात नुकसान होत नाही, व्याज मालकाकडून वसूल होतं, निदान कागदावर तरी. मालक दिवाळखोर निघाला किंवा ठेकेदार गाशा गुंडाळून गेला की मग त्या व्याजाचं काय होतं ते ज्याचं त्याने ताडावं.

पॉलिसीतल्या खऱ्या खाचा इथेच असतात. हप्ता ठरतो तो मालकाने जाहीर केलेल्या पगाराच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या प्रकारावर. हप्ता वाचवायला दहा माणसं असताना सहा दाखवली, गवंड्याला मदतनीस म्हणून लिहिलं, ठेकेदाराची माणसं घेतलीच नाहीत, की कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. मरणारा नेमका मस्टरवर नसलेला असतो, कारण उंचावर चढणारा, गटारात उतरणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा, कालपरवा आलेला. अशा वेळी कंपनी सुटली तरी मालक सुटत नाही. ज्याच्या धंद्यासाठी काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. ठेकेदाराकडून वसुली त्याने नंतर करावी. कायद्याने इतकं स्पष्ट सांगूनही कित्येक घरचे फक्त मुकादमाच्या दारात खेटे घालत राहतात.

ईएसआयमध्ये असलेल्यांना हे काहीच करावं लागत नाही. पगार २१,००० पर्यंत आणि आस्थापना ईएसआयखाली असेल तर अवलंबितांना रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के हिशेबाने दरमहा पैसे मिळतात, आणि मग मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. एकरकमी पैशापेक्षा ही सोय अनेक घरांना बरी पडते; फक्त मालकाने नाव नोंदवलेलं असायला हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा गेला आणि सामाजिक सुरक्षा संहिता आली. पगाराचे निम्मे गुणिले वयाचा गुणक हे सूत्र तिने ठेवलं, आणि ये-जा करतानाच्या अपघाताची तरतूद थेट मजकुरात घातली, म्हणजे वॉचमनसारखं प्रकरण आता होडी की बस या वादात अडकायला नको. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे मात्र जुन्याच कायद्याने चालतील, आणि असे दावे राज्यभर पडून आहेत.

या सगळ्यात एक व्यवहार मात्र कोर्टाबाहेर, घराच्या ओट्यावर होतो. दिवस संपायच्या आत मालकाचा किंवा ठेकेदाराचा माणूस येतो, लाखभर रुपये पुढे ठेवतो, स्टॅम्प पेपरवर बाईचा अंगठा घेतो: आमची काही तक्रार नाही, यापुढे मागणी करणार नाही. पैसा घरात येतो, कागद त्याच्या फाइलीत जातो, आणि सगळ्यांना वाटतं विषय मिटला. कायद्याच्या लेखी तो मिटलेला नसतो. मृत्यूची भरपाई थेट घरच्यांच्या हातात देता येत नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते आणि विधवा, अज्ञान मुलं, आई यांच्यात वाटणी तेच करतात. हातावर दिलेली रक्कम हिशेबात धरली जाते ती फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी. हक्क सोडल्याचा करार तर मुळातच रद्द. दाव्याला मुदत दोन वर्षांची, आणि उशिराचं पटणारं कारण असेल तर आयुक्त तीही माफ करू शकतात. त्यामुळे त्या अंगठ्यानंतरही बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन अर्ज करता येतो, सोबत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला आणि पगाराची एखादी पावती घेऊन. पावती नसेल तर शेजारी काम करणाऱ्या दोघांची साक्षही चालते.